देशाच्या उत्पादनाच्या दोन रेघा

बेसा, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. गुंजन हिला मोठ्या बाबांचे आशीर्वाद.

परवा तू फोन केलास, मी "हो, हो" म्हणत राहिलो आणि ठेवल्यावर लक्षात आलं की मला एक अक्षर कळलेलं नाही. फोन जवळ नेला की कानातलं मशीन शिट्टी मारतं. तुझा बाप म्हणतो व्हॉट्सअ‍ॅप करत जा. जितेंद्र माझा भाऊ असला तरी माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, त्याला जमतं. माझं बोट त्या काचेवर 'क' म्हणून ठेवलं की 'ख' उमटतो. तेव्हा तुला पत्रच वाचावं लागणार. दिल्लीच्या होस्टेलात पत्र आलं म्हणून मैत्रिणी हसल्या, तर हसू दे.

कारण असं आहे. फेब्रुवारीत मला ऐंशी वर्षं पुरी होतात आणि रुपरावानं सोळा तारखेला कार्यक्रम घातला आहे. रुपराव तुला आठवत असेल. माझा जुना विद्यार्थी, आता स्वतःच निवृत्त व्हायला आला, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या टोकावर बसतो. त्याचा हट्ट ऐक: "सर, तो ग्राफ मले द्याच. डिपार्टमेंटच्या नव्या हॉलमध्ये लावून टाकतो. खाली तुमचं नाव." मी आधी नाही म्हणालो. मग वाटलं, माझ्यानंतर या भिंतीवर तो कोण पाहणार आहे? बेसातलं हे घर जितेंद्र विकेलच कधीतरी. तेव्हा हो म्हणालो, पण एका अटीवर. त्या ग्राफबद्दल दहा मिनिटं तू बोलायचं. त्याच्याखाली बसून तू तीन वर्षं कॉलेजचा अभ्यास केला आहेस आणि आता पीएच.डी.ही त्याच विषयात करते आहेस.

समोर अर्धे नातेवाईक असतील, म्हणून सोप्यात सांग. मी असं सांगायचो: देशात वर्षभरात एकूण किती पिकलं, किती बनलं, हा एक आकडा. त्यासाठी किती श्रम लागले आणि किती भांडवल लागलं, हे दुसरे दोन. या तिघांत काही टिकाऊ नातं आहे का? असेल तर सूत्र मांडता येतं, आणि तेच सूत्र उलटं केलं की मजुरी वाढली तर देशाचा उत्पादनखर्च किती वाढेल तेही निघतं. मी त्र्याहत्तर साली ते मांडलं. वीस वर्षांचे आकडे घेतले. काळ्या शाईत देशाचं खरं उत्पादन, लाल शाईत माझ्या सूत्रानं सांगितलेलं. दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की बहुतेक ठिकाणी एकच दिसते. मधला दोन वर्षांचा तुकडा तेवढा सुटला आहे, पण ती दुष्काळाची वर्षं. त्याच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही.

त्या रेघा काढल्या तुझ्या मोठ्या आईनं. तेव्हा ती माझी कोणी नव्हती. नागपुरातच, सदरमधल्या नकाशांच्या कचेरीत शाईनं नकाशे गिरवणारी ट्रेसर होती, प्रेमिला, पारशिवनीची. हे मात्र तू सांगितलं नाहीस तरी चालेल. किंवा सांग. मंडळींना तेच आवडेल.

संत्री यंदा आंबट आहेत, तरी पाठवतो.

तुझे,
मोठे बाबा

---

दिल्ली
२ डिसेंबर २०२४

ती. मोठे बाबा,
साष्टांग नमस्कार.

संत्री मिळाली. आंबट नव्हती, आणि होस्टेलात दोन दिवसही टिकली नाहीत. पत्र आलं म्हणून मैत्रिणी हसल्या नाहीत, उलट रांग लावून वाचायला मागत होत्या.

कार्यक्रमाचं ऐकून खूप आनंद झाला. पण फेब्रुवारीत मला यायला जमेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. श्वेता मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, जानेवारीअखेर एक प्रकरण पुरं करून मागताहेत. भाषण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर? रुपरावकाका छान बोलतात.

एक विचारायचं होतं, सहजच. त्र्याहत्तर साली देशातल्या भांडवलाची वर्षवार आकडेवारी कुठं मिळत नव्हती ना? मग तुम्ही भांडवलाचा आकडा कसा काढलात? तुमच्या लेखात ते एका ओळीत उरकलं आहे.

कानाचं मशीन कंपनीच्या माणसाला दाखवा. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका.

तुमची,
गुंजन

---

बेसा
१४ डिसेंबर २०२४

चि. गुंजन,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदानं आणि दुसऱ्यांदा संशयानं. गणपतीत तिकीट नाही म्हणून जनरलच्या डब्यात उभी राहून आलेली मुलगी मोठ्या बाबांच्या ऐंशीला "जमेल की नाही सांगता येत नाही" म्हणते? मी मास्तर होतो बाई. मुलं काय लपवतात ते मला हजेरी घेताना कळायचं. कोणी मुलगा असेल तर त्यालाही घेऊन ये. मी त्याला काही विचारणार नाही. फार तर एवढंच विचारीन की सावजीचं तिखट चालतं का.

आता तुझा प्रश्न. पन्नास वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, म्हणून फार बरं वाटलं. भांडवलाची आकडेवारी नव्हतीच. कारखाने, विहिरी, बैलजोड्या, लोहमार्ग, यांची किंमत कोण मोजणार? मग मी मार्ग काढला. राष्ट्रीय उत्पन्नाची श्वेतपत्रिका दरवर्षी यायची. त्यातून मजुरी आणि पगार वजा केले. उरलं ते भांडवलाच्या वाट्याचं. त्यावरून भांडवल काढलं. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली होती.

काम कसं चालायचं ते तुम्हा लॅपटॉपवाल्यांना खरं वाटायचं नाही. दांडा फिरवायचं गणकयंत्र होतं, घरघर करणारं. एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं तो यंत्रात बसवून "हं" म्हणायचं. "हं" आल्याशिवाय पुढचा आकडा वाचायचा नाही, असा नियम. लग्नानंतर वाचायचं काम मोठ्या आईकडे आलं. नवी श्वेतपत्रिका आली की रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन आम्ही बसायचो. सूत्र तेच, आकडे नवे. पुढे यंत्र जाऊन कॅल्क्युलेटर आला, तरी ती वाचायची आणि मी "हं" म्हणायचो. तिच्या गावाकडे लाजाळू मुलींना जशी मान खाली घालून बोलायची सवय असते तशी सुरुवातीला वाचायची. नंतर नंतर काय तो तोरा! मी झोपेला आलो तर म्हणायची, "कोटीत सांगून राहिली मी, न् तुमी डुलक्या घेऊन राहिले? देश कोण चालवन?"

ती जाऊन दोन वर्षं झाली. दोन श्वेतपत्रिका तशाच पडून आहेत. आता त्यांना दुसरंच नाव आहे म्हणे आणि त्या इंटरनेटवर येतात. रुपरावानं छापून आणून दिल्या होत्या.

म्हणून तो ग्राफ हॉलमध्ये लागावा असं वाटतं. माझ्या नावासाठी नाही. तिच्या हातचं माझ्याकडे तेवढंच उरलं आहे, आणि चार पोरं त्याच्यासमोर उभी राहून "काय जुळलंय!" म्हणतील. मी तेवढ्यासाठीच ऐंशीपर्यंत ताठ राहिलो आहे. तू ये.

मोठे बाबा

---

दिल्ली
५ जानेवारी २०२५

ती. मोठे बाबा,
नमस्कार.

मुलगा वगैरे कोणी नाही. असता तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

तीन आठवडे मी हे लिहिते आणि फाडते. मॅडमनी मला दिलेलं प्रकरण तुमच्याच लेखावर आहे. तुमच्याच म्हणजे त्या काळच्या पाच-सहा अभ्यासांवर, पण त्यात सगळ्यांत सुबक तुमचा. काम असं होतं की जुने आकडे घेऊन सूत्र पुन्हा बसवायचं आणि ते किती टिकतं ते पाहायचं. मी नवऱ्या मुलीचा शालू दाखवावा तशी आनंदानं सुरुवात केली होती. आमच्या घरचा ग्राफ आहे म्हणून सगळ्यांना सांगत होते.

मोठे बाबा, रेघा जुळतात कारण त्या जुळल्याशिवाय राहूच शकत नाहीत. उत्पन्नातून मजुरी काढली, उरलेल्याला भांडवल म्हटलं, आणि मग मजुरी आणि भांडवल मिळून उत्पन्न किती ते सांगितलं. ताटाचं वजन केलं, भाकरी बाजूला काढली, राहिलं त्याला भाजी म्हटलं, आणि पुन्हा भाकरी-भाजी एकत्र ठेवून म्हटलं की पाहा, ताटाचं वजन बरोबर आलं. देश काय आणि कसं उत्पादन करतो याबद्दल त्या जुळण्यातून काहीच कळत नाही. खर्चाचं सूत्र त्यातूनच निघालेलं, म्हणून तेही नाही. मी उगाचच बनवलेले आकडे घालून पाहिले. मजुरी आणि बाकीचा वाटा साधारण स्थिर ठेवला की त्यांच्याही रेघा तशाच जुळतात.

तुम्ही एकटे चुकला नाहीत. मोठमोठ्या विद्यापीठांतल्या लोकांनी तेच केलं आहे आणि काही अजून करतात. पण माझ्या प्रकरणात उदाहरण तुमचं आहे, नावासकट. मॅडम म्हणतात ३१ जानेवारीला ते एका नियतकालिकाकडे जायला हवं. रुपरावकाका आणि तुमचे सगळे विद्यार्थी ते वाचतील. ग्राफ हॉलमध्ये लागेल आणि पाठोपाठ तुमच्याच घरची पोर म्हणेल की तो पोकळ आहे. आणि त्याच्याखाली उभी राहून मी दहा मिनिटं काय बोलू?

मला तुमच्या घरात अर्थशास्त्र आवडायला लागलं. परीक्षेच्या दिवसांत मोठी आई मला दूध आणून द्यायची आणि ग्राफची काच पदरानं पुसून जायची. ते डोळ्यांसमोर येतं आणि मला लिहवत नाही.

तुम्ही नको म्हणालात तर मी प्रकरण पाठवणार नाही. दुसरा विषय घेईन. एक वर्ष जाईल, जाऊ दे.

तुमची,
गुंजन

---

दिल्ली
२० जानेवारी २०२५

ती. मोठे बाबा,

पत्र मिळालं का? बाबांकडून कळलं की मिळालं.

काल ते बेसाला येऊन गेले. म्हणाले, भिंतीवर ग्राफ नाही, नुसता चौकोनी पांढरा डाग आहे. तुम्ही त्यांच्याशी धड बोलला नाहीत. रुखमाबाईनं पोळ्या करता करता त्यांना हळूच सांगितलं, "बाबूजी दिवसभर एकटेच बोलून राहिले. मधीच थांबते, मंग पुन्हा बोलते. मले तं भेव वाटते. जेवण बी अर्धं टाकून राहिले."

मी चुकले. हे सगळं कार्यक्रम झाल्यावर सांगायला हवं होतं. मी आज मॅडमना सांगणार आहे की प्रकरण मागे घेते. तुम्ही ग्राफ परत लावा. मी येईन आणि तुम्ही सांगाल ते बोलेन. मोठी आई असती तर तिनं माझा कान धरला असता.

दोन ओळी तरी लिहा.

गुंजन

---

बेसा
२४ जानेवारी २०२५

चि. गुंजन,

मॅडमना काही सांगितलं असशील तर ताबडतोब फिरव. हे पत्र रुपराव स्पीड पोस्टनं टाकणार आहे आणि मजकुराचा फोटो काढून तुला फोनवरही पाठवणार आहे. माझा पोस्टावर विश्वास आहे, पण ३१ तारखेवर नाही.

आता ऐक. दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. कालची पोर, माझ्याच घरचं दूध पिऊन मला भाकरी-भाजी शिकवते! तुझ्या पत्रातली चूक शोधायला बसलो. ग्राफ भिंतीवरून काढला तो टेबलावर ठेवून भिंगातून पाहायला. सगळी वर्षं नव्यानं मांडायची ठरवली, जुन्या पद्धतीनं. कॅल्क्युलेटर काढला, श्वेतपत्रिका काढल्या, आणि बसल्यावर लक्षात आलं की वाचायला कोणी नाही.

रुखमाबाईला जे एकट्याचं बोलणं वाटलं, ते हे. आकडा मीच वाचत होतो आणि "हं" पण मीच म्हणत होतो. "हं" म्हटल्याशिवाय मला पुढे जाता येईना, काय करू? जेवण अर्धं राहिलं ते मधला आकडा डोक्यातून जाऊ नये म्हणून. तिला सांग घाबरू नको. मी सांगितलं तर ती आणखी घाबरते.

सहा दिवसांनी मला मान्य करावं लागलं. तू म्हणतेस तेच बरोबर. रेघा जुळणारच होत्या. फार वाईट वाटलं, गुंजन. खोटं सांगणार नाही. मी बेसाच्या रस्त्यावर त्या नव्या टॉवरांपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, आणि घरात शिरताना सवयीनं भिंतीकडे पाहिलं तर तिथं डाग. प्रेमिला नाही आणि ग्राफही नाही असं वाटून पायरीवरच बसलो.

मग सातव्या दिवशी ती दोन सुटलेली वर्षं मांडायला घेतली. पासष्ट-सहासष्ट आणि सहासष्ट-सदुसष्ट. शेवटी ठेवली होती, कारण ती नेहमी सोडूनच द्यायची सवय. आणि तिथं थांबलो. बघ, तुझ्या म्हणण्याप्रमाणे वाटे स्थिर असले की रेघा जुळतात. मग त्या दोन वर्षांत का सुटल्या? कारण वाटे हलले. कष्टकऱ्याचा हिस्सा आणि उरलेल्यांचा हिस्सा यांत ओढाताण झाली आणि माझं सूत्र तिथं तोंडावर पडलं. म्हणजे सबंध ग्राफात देशानं काही खरं सांगितलं असेल तर ते तेवढ्या तुकड्यात. हे तुझ्या प्रकरणात नाही. घाल.

आणि आता मोठ्या आईचं सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

ग्राफ काढायला टाकून मी आठ दिवसांनी सदरला गेलो. टेबलामागून एक मुलगी उठली, हातावर लाल शाई लागलेली. म्हणाली, "साहेब, या दोन रेघा इथंच काहून सुटून राहिल्या? तुमचं टेबल चुकलं का माहा हात?" मी ऐटीत सांगितलं, दोन्ही नाही, ती दुष्काळाची वर्षं आहेत, सोडून द्या. त्यावर ती म्हणाली, "सोडून कशाले द्याची? आमी तं त्याच सालांत मोठे झालो." मग तिनं पारशिवनीचं सांगितलं. रेशनचा लाल गहू. गावात काम नाही म्हणून तिचे वडील वर्षभर कन्हानला मजुरीला जात, ते. तिथून ते घरी येत तेव्हा ती फाटकाशी उभी राहायची. मी उभाच होतो, मग बसलो, मग कचेरीच्या शिपायानं चहा आणला. कचेरी बंद व्हायची वेळ झाली तरी आम्ही बोलत होतो. पुढच्या आठवड्यात मी काही काम नसताना गेलो.

रेघा सगळीकडे जुळल्या असत्या, तर ती "ग्राफ तयार आहे" म्हणाली असती आणि मी पैसे देऊन घरी आलो असतो.

पन्नास वर्षं मी पाहुण्यांना जुळलेला भाग दाखवत आलो. ती मात्र काच पुसताना तिथंच जरा थांबायची, मधोमध. मला वाटायचं तिथं डाग पडतो.

रुपरावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, पन्नास वर्षांत कोणी नाही विचारलं, आता काहून सांगता?" त्याला चांगला झापला. मग जाताना म्हणाला, "मंग ग्राफ लावायचा का नाही?" लावायचा. तिच्या हातचा आहे तो, आणि आता त्यात पाहण्यासारखं काही आहे हे मला कळलं आहे. तू त्याच्याखाली उभी राहा आणि तुझं प्रकरणच सांग. भाकरी-भाजी सांग. हसतील लोक माझ्यावर, हसू दे, मी पहिल्या रांगेत बसून हसेन. मग त्या दोन वर्षांवर बोट ठेव आणि मोठ्या आईनं काय विचारलं ते सांग.

त्या दोन वर्षांचे आकडे मी एकट्यानं काढले आहेत. "हं" म्हणणारा आणि वाचणारा एकच असला की चूक पकडली जात नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा ते कोणीतरी पडताळायला हवेत.

मोठे बाबा

---

दिल्ली
३१ जानेवारी २०२५

ती. मोठे बाबा,
साष्टांग नमस्कार.

आज दुपारी प्रकरण पाठवलं. सुटलेल्या वर्षांचा भाग त्यात घातला आहे आणि तळटीपेत तुमचे आणि मोठ्या आईचे आभार मानले आहेत. मॅडमनी विचारलं, मनोहररावांबरोबर ही प्रेमिला कोण? सांगता सांगता मला रडू आलं. त्यांनी चहा मागवला.

तिकीट नऊ तारखेचं काढलं आहे. कार्यक्रमाच्या आधीचा सबंध आठवडा बेसात राहणार. रुखमाबाईला तर्री-पोह्यांचं सांगून ठेवा. ग्राफ तोवर टेबलावरच असू द्या, आपल्याला लागेल.

आणि रविवार नसला तरी चालेल, मी पोचेन त्या सकाळी बसू. आकडे मी वाचीन, कोटीत. मशीन शिट्टी मारत असेल तर काढून ठेवा, मी जवळ बसून मोठ्यानं वाचीन आणि डुलकी लागली तर मोठ्या आईसारखी ओरडेन. तुम्ही फक्त "हं" म्हणा. तुमचा "हं" आल्याशिवाय मी पुढचा आकडा वाचणार नाही.

पासष्ट-सहासष्टपासून सुरू करू.

तुमची,
गुंजन